द्यूताध्यक्षाची रिकामी जागा

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण पाडवा म्हणतो, बलिप्रतिपदा म्हणतो. परंतु पंचांगात तिचे आणखी एक नाव आढळते, ते द्यूतप्रतिपदा. शिवपार्वतींच्या सारीपाटाची कथा त्या दिवसाला जोडलेली आहे, आणि त्या कथेच्या आधाराने वर्षातून एक दिवस वडीलधाऱ्यांच्या देखत डाव मांडण्याची मुभा आपल्या समाजाने घेतली. बडोद्यातील आपले गुजराती शेजारी हीच मुभा श्रावणात, सातम-आठमच्या सुमारास घेतात. प्रतापनगरच्या रेल्वे वसाहतीपासून दांडिया बाजारातील जुन्या वाड्यांपर्यंत कोठेही पाहा, तीन पत्तीचा डाव बसला की एक नियम कोणी न सांगता पाळला जातो: ज्याने पत्ते पिसले त्याने ते कापायचे नाहीत, कापायला शेजाऱ्यापुढे धरायचे. सख्ख्या मामानेही पिसलेले पत्ते भाच्यापुढे धरले पाहिजेत. ह्यात मामाचा अपमान होत नाही, कारण नियम संशयासाठी केलेला नसून संशयाला जागाच राहू नये म्हणून केलेला आहे.

अलीकडे आपल्याकडील अनेक कुटुंबे गोव्याला जातात. मंगेशीचे, शांतादुर्गेचे दर्शन होते, म्हार्दोळ होते, आणि पणजीत मुक्काम पडला की संध्याकाळी मंडळींतील तरुण, कधी कधी तरुण नसलेलेही, मांडवीत दिव्यांनी लखलखणाऱ्या जहाजांवर एक फेरी मारून येतात. जावे की न जावे ह्याचा निवाडा ज्याने त्याने करावा. आम्हांला विचारायचे आहे ते एवढेच, की त्या जहाजावर पत्ते कोण कापतो?

कायद्याची स्थिती प्रथम पाहू. १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्र आणि गुजरात ह्या दोन्ही राज्यांत चालतो, आणि १९४९ मधील संस्थानाच्या विलीनीकरणानंतर आपणही त्याच्या कक्षेत आलो. जो घरमालक डावातून स्वतःचा वाटा, म्हणजे नाल, काढतो त्याच्यावर ह्या कायद्याचा मुख्य रोख आहे. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसविणारा एक स्वतंत्र कायदा करून ठेवला होता, पण तो अमलात आणलाच नाही. सत्तेचाळीस वर्षे तो दप्तरात पडून राहिला आणि २०२३ साली रद्द झाला. गोव्याने दुसरी वाट धरली. तेथील १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली कलम घालून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना परवानगी दिली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने टेबलावरचे खेळ जहाजांवर चालविण्याची वाट मोकळी केली. म्हणजे माणसाच्या हाताने वाटलेला पत्ता जमिनीवर गुन्हा आणि पाण्यावर व्यवसाय. ह्या भेदात कोणते नीतितत्त्व आहे हे शोधण्याचा आम्ही प्रयत्न केला. मांडवीच्या भरतीओहोटीखेरीज दुसरे काही हाती लागले नाही.

आता टेबलावरचा न्याय म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण ह्याविषयी भल्याभल्यांचा गोंधळ होतो. कित्येकांना वाटते की कॅसिनो शेवटी जिंकतो, त्या अर्थी तो लबाडीच करीत असला पाहिजे. तसे नाही. अंदर-बाहर हा आपल्याकडचाच खेळ घ्या. एक पत्ता उघडून मधे ठेवतात. मग एक पत्ता अंदर, एक बाहर असे आळीपाळीने टाकत जातात. मधल्या पत्त्याच्या जोडीचा पत्ता ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकते. ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो ती शंभरांत सुमारे साडेएक्कावन्न वेळा जिंकते, हे साध्या गणिताने निघते. म्हणून कित्येक टेबलांवर त्या बाजूला रुपयामागे ९० पैसे आणि दुसऱ्या बाजूला पुरा रुपया देतात. हिशेब केला तर पहिल्या बाजूवर लावलेल्या शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये १५ पैसे आणि दुसऱ्या बाजूवर ३ रुपये घराकडे राहतात. रूलेटच्या चाकावर एक शून्य असेल तर ३७ घरे होतात, आणि बक्षीस मात्र एकास ३५ असे देतात. तेथे घराचा वाटा शेकडा २.७० पडतो. दोन शून्ये असली की तोच वाटा ५.२६ वर जातो. शून्य चाकावर उघड रंगविलेले असते, ज्याला डोळे आहेत त्याला दिसते.

हा दुकानदाराचा नफा झाला, आणि नफा ही फसवणूक नव्हे. खंडेराव मार्केटातला भाजीवाला नफा घेतो म्हणून त्याला कोणी चोर म्हणत नाही. त्याच्या काट्याखाली चुंबक सापडले तर म्हणतात. म्हणूनच सरकार त्याच्या भावावर नव्हे, काट्यावर शिक्का मारते, आणि वजनमापांचा निरीक्षक तो काटा तपासतो. टेबलावरच्या खेळात काट्याच्या जागी पत्त्यांचा कॅट, पत्ते वाटण्याची पेटी, चाकाची समपातळी आणि वाटणाऱ्याचे हात ही असतात. जो भाव सांगितला त्याच भावाने माप पडते की नाही, इतकाच न्यायाचा प्रश्न आहे.

हे माप किती बारीक गोष्टीने बिघडते ह्याची दोन उदाहरणे अलीकडची आहेत. २०१२ च्या ऑगस्टमध्ये फिल आयव्ही हा प्रसिद्ध अमेरिकन खेळाडू लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबात पुंतो बँको नावाचा पत्त्यांचा खेळ खेळला आणि दोन दिवसांत सुमारे ७७ लाख पौंड जिंकला. त्याने पत्त्यांना हात लावला नव्हता. वापरातल्या पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी दोन्ही लांब कडांना अगदी सारखी नव्हती, हे त्याच्या आणि त्याच्या जोडीदारणीच्या लक्षात आले होते. आपण शकुन-अपशकुन मानतो असे भासवून त्यांनी वाटणारीकडून मोलाचे पत्ते उलट्या दिशेला फिरवून घेतले. पुढच्या फेऱ्यांत पाठ पाहूनच पत्ता मोलाचा की फुकाचा हे कळू लागले. वाटणारीला कशाचीच कल्पना नव्हती. क्लबाने नंतर आपल्या कॅमेऱ्यांची चित्रे तपासली, मुद्दल परत केले आणि जिंकलेली रक्कम देण्याचे नाकारले. आयव्ही न्यायालयात गेला. आपण फसविले असे त्याला स्वतःला प्रामाणिकपणे वाटत नव्हते, हे मान्य करूनही इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या ऑक्टोबरात ही फसवणूकच आहे असा निर्णय दिला.

दुसरे उदाहरण त्याच वर्षीचे, अमेरिकेतील अटलांटिक सिटीचे. गोल्डन नगेट कॅसिनोत आधीच पिसून आलेले समजून उघडलेले पत्ते मुळी पिसलेलेच नव्हते. तोच तोच क्रम पुन्हा पुन्हा येतो आहे हे टेबलावरच्या मंडळींनी ओळखले, पण वाढविले आणि सुमारे १५ लाख डॉलर जिंकले. येथे कोणीही लबाडी केलेली नव्हती. तरीही २०१५ मध्ये न्यायाधीशाने ठरविले की न्यू जर्सी राज्याच्या नियमाप्रमाणे पत्ते पिसलेले नसतील तर तो खेळ कायदेशीर खेळच नव्हे; जिंकलेले पैसे परत गेले पाहिजेत. हेतू शुद्ध असून भागत नाही, विधी यथासांग झाला पाहिजे, असा त्याचा अर्थ. आपल्या मामा-भाच्यांचा नियम ह्याहून वेगळा काय सांगतो?

ह्या दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हरलेली बाजू कॅसिनोची होती. कॅसिनोजवळ कॅमेरे होते, चित्रे होती, वकील होते. उद्या हरलेला मनुष्य मडगावचा हॉटेलवाला नसून बडोद्याचा एखादा निवृत्त कारकून असेल आणि त्याला वाटले की कॅट नीट पिसला नव्हता, तर ती चित्रे कोणाच्या कपाटात असतील? समोरच्याच्या.

आणि त्याने न्यायालयात जावे म्हटले तर वाटेत १८७२ च्या करारविषयक कायद्याचे ३० वे कलम उभे आहे. पैजेचा करार निरर्थक, पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा चालणार नाही, असे ते सांगते. घोड्यांच्या शर्यतींतील पाचशे रुपयांवरच्या बक्षिसांना तेवढी त्यातून सूट आहे. इंग्लंडातही असाच नियम होता. परंतु तेथे २००५ च्या कायद्याने तो उठविला आणि २००७ पासून जुगाराचा करार न्यायालयात टिकू लागला. आयव्हीला दावा लावता आला तो ह्याच बदलामुळे. दावा तो हरला ही गोष्ट वेगळी. दार तरी उघडे होते. आपल्याकडे सरकार परवाना देते, शुल्क घेते, आणि ज्या व्यवहाराला परवाना दिला त्यातून उपजलेला तंटा मात्र आपल्याच न्यायालयाच्या उंबरठ्यावर अडखळतो.

ह्या विसंगतीकडे आपल्या धर्मशास्त्रकारांचे लक्ष गेले होते, हे वाचून आजच्या विधिज्ञांना आश्चर्य वाटेल. मनूची भूमिका स्वच्छ आहे: राजाने द्यूत राज्यातून हद्दपार करावे. याज्ञवल्क्याची निराळी. सभिकाच्या, म्हणजे अड्डेवाल्याच्या, देखरेखीखाली उघडपणे खेळ झाला असेल आणि राजाचा भाग राजाला पोचला असेल, तर जिंकणाऱ्याचा पण राजाने त्याला मिळवून द्यावा. एरवी देऊ नये. वाटा घेतला की जबाबदारी आली, असा हा रोखठोक हिशेब आहे.

सर्वांत बारकाईने विचार केला तो कौटिल्याने. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणातील विसाव्या अध्यायात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी भेटतो. खेळ एकाच ठिकाणी चालवावा. अन्यत्र खेळणाऱ्याला १२ पण दंड. फासे आणि कवड्या अध्यक्षाने स्वतः शुद्ध पाहून पुरवाव्यात, त्यांचे भाडे घ्यावे. त्या जागी कोणी हातचलाखीने दुसरे फासे घातले तर पुन्हा १२ पण. कपटाने खेळणाऱ्याला दंड तर आहेच, शिवाय जिंकलेला मालही जप्त. जिंकणाऱ्याकडून शेकडा ५ सरकारचा भाग. पाणी, जागा आणि परवाना ह्यांचे पैसे वेगळे. आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे, कपट चालू असता अध्यक्षाने ते रोखले नाही तर कपटी खेळाडूच्या दुप्पट दंड अध्यक्षाला!

त्याच अध्यायात एक वाद येतो. हरणाऱ्यालाही जबर दंड करावा असे काही आचार्यांचे मत होते. कौटिल्य ते मानीत नाही. हरणाऱ्याचा दंड वाढविला तर राजाकडे तक्रार घेऊन येईल कोण, असे तो विचारतो. जुगारी बहुधा लबाड असतात हेही त्याने त्याच ओघात सांगून टाकले आहे, म्हणजे जुगाऱ्यांविषयी त्याला कळवळा होता अशातला भाग नाही. त्याला तक्रार हवी होती, कारण तक्रारीवाचून कपट उघडकीला येत नाही. आम्हांला ह्या एका वाक्यात आजच्या सगळ्या नियंत्रक मंडळांचे मर्म दिसते. सभापर्वातील द्यूतात हेच उणे होते. फासे एक टाकणार आणि पण दुसरा भरणार, हे रीतीला धरून नाही, असा आक्षेप युधिष्ठिराने खेळ सुरू होण्यापूर्वीच घेतला होता. शकुनी दुर्योधनासाठी बसला होता. आक्षेप बिनतोड होता; त्यावर निर्णय देणारा कोणी नव्हता. यजमान हा प्रतिपक्षाचा बाप होता.

आता गोव्याकडे पुन्हा वळू. २०१२ च्या दुरुस्तीने तेथे जुगार आयुक्ताचे पद कल्पिले. ते प्रत्यक्षात आले २०२० च्या आरंभी, आणि त्या पदाची वस्त्रे चढविली कोणाच्या अंगावर, तर विक्रीकराचा कारभार पाहणाऱ्या व्यापारी कर आयुक्ताच्या. त्याच वर्षी १ फेब्रुवारीपासून गोव्याच्या रहिवाशांना जहाजांवर खेळण्यास बंदी झाली, आणि तिची अंमलबजावणी हे नव्या आयुक्ताचे पहिले काम ठरले. म्हणजे नुकसान होते हे सरकारला मान्य आहे. फक्त ते बाहेरच्यांचे व्हावे. आम्ही बाहेरचे आहोत, म्हणून हे आम्हांला थोडे अधिक जाणवते.

कर आयुक्ताच्या योग्यतेविषयी आमची काही तक्रार नाही. पण त्याची नजर ज्या आकड्यावर असते तो आकडा खेळ सचोटीचा झाला काय ह्याने बदलत नाही. मोठ्या जहाजाचे वार्षिक शुल्क २०१८ मध्ये ४० कोटी रुपयांपर्यंत वाढविले गेले. त्यावर १ ऑक्टोबर २०२३ पासून चिपांच्या पूर्ण किमतीवर शेकडा २८ वस्तू-सेवा कर आला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला. पहिला पत्ता उलटण्यापूर्वीच सरकारचा भाग वसूल होतो. कौटिल्याचा अध्यक्ष जिंकणाऱ्याकडून शेकडा ५ घेई आणि त्यासाठी फासे तपासून देई. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी वसुलीची आणि न्यायाची खाती वेगळी केली, त्या बडोद्याच्या वाचकाला घेणारा आणि निवाडा करणारा एकच असण्यातली अडचण फोडून सांगायला नको.

अमेरिकेतील नेव्हाडा राज्याने १९३१ साली जुगार खुला केला आणि पुढची वीसपंचवीस वर्षे त्याची फळे भोगली. मग १९५५ मध्ये चौकशीचे मंडळ आणि १९५९ मध्ये त्याच्यावरचा आयोग, अशा दोन पायऱ्या केल्या. कर घेण्याचे काम तेथेही ह्या मंडळाकडेच आहे, हे सांगितले पाहिजे; तेथील व्यवस्था सोवळी आहे असे कोणी समजू नये. परंतु गिऱ्हाइकाशी ५०० डॉलर वा अधिक रकमेचा तंटा झाला आणि तो मिटला नाही, तर कॅसिनोने स्वतःहून ताबडतोब मंडळाला कळविले पाहिजे. रक्कम कमी असेल तर तक्रारीचा हक्क आहे हे गिऱ्हाइकाला सांगितले पाहिजे. मंडळाचा अधिकारी चौकशी करून निर्णय देतो, त्यावर मंडळाकडे आणि पुढे न्यायालयाकडे जाता येते. हा हक्क कायद्यात लिहिलेला आहे, मालकाच्या मर्जीवर नाही.

येथे कोणी म्हणेल की ह्या सगळ्या उठाठेवीची गरज काय, धंद्याला आपली पत जपावीच लागते, बाजार आपोआप सचोटी राखतो. ह्या म्हणण्याचा सर्वांत चांगला पुरावा मोठा विनोदी आहे, तो म्हणजे मुंबईचा मटका. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर चाललेला सट्टा त्या भावांचा आधार तुटल्यावर घागरीतून चिठ्ठ्या काढण्यावर आणि पुढे पत्ते काढण्यावर आला. कल्याणजी भगत ह्यांचा मटका १९६२ चा, रतन खत्री ह्यांचा १९६४ चा. पत्ते चारचौघांसमोर, कधी जमलेल्यांपैकीच कोणाच्या हातून काढवीत असे सांगतात, आणि गिरणगावातील कामगाराने त्या आकड्यावर वर्षानुवर्षे विश्वास ठेवला. आपल्या गुजराती शेजाऱ्यांच्या तोंडी आजही 'वरली मटका' हा शब्द आहे तो त्या पसाऱ्याची खूण. कायद्याबाहेरच्या धंद्याला उघडेपणाची किंमत कळली होती, हे खरे. पण तो विश्वास माणसावर होता. माणूस बदलला की जाब विचारायला जागा नव्हती, आणि पोलिसांत जाणारा स्वतःच आरोपी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुगाऱ्याला न्याय मिळवून देण्यात समाजाचे काय हित, तो हरला तर सुधारेल, असे आमचे अनेक वाचक म्हणतील. जहाजे उद्या मांडवीतून कायमची निघून गेली तर आम्हांलाही दुःख होणार नाही, आणि बडोद्यात असे टेबल कधी लागू नये हीच आमची इच्छा. परंतु मनूची वाट आहे, कौटिल्याची वाट आहे. वाटा घ्यायचा आणि तोंड फिरवायचे ही तिसरी वाट कोणत्याही शास्त्रात सांगितलेली नाही. शिवाय सरकारला अधिकार नाही, ही सबबही चालणार नाही. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवरून मुंबई राज्य आणि चमारबागवाला ह्यांच्यात झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगून ठेवले आहे की जुगार हा व्यापार नव्हे, त्याला व्यापाराच्या मूलभूत हक्काचे संरक्षण नाही. सरन्यायाधीश सुधिरंजन दास ह्यांनी त्या निकालात ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्तापासून स्मृतींपर्यंतचे दाखले दिले होते. ज्याचा परवाना केवळ सरकारच्या मर्जीवर टिकतो, त्याच्यावर वाटेल ती अट घालण्यास सरकार मोकळे आहे.

अटी घालायच्या म्हटल्या तर फार नाहीत. कर आयुक्ताहून वेगळा अधिकारी नेमावा. प्रत्येक खेळाचे नियम आणि घराचा शेकडा वाटा मराठी, कोंकणी, हिंदी आणि गुजराती फलकावर टेबलाशेजारी लावावा. पत्त्यांच्या कॅटांची आणि चाकांची पूर्वसूचनेवाचून तपासणी व्हावी. कॅमेऱ्यांच्या चित्रांची एक प्रत काही काळ सरकारच्या ताब्यात राहावी. आणि परवानाधारकाच्या टेबलावरील देण्याघेण्यापुरता ३० व्या कलमाचा अडसर दूर व्हावा. हे शेवटचे काम दिल्लीचे आहे.

जहाजे कोणत्या नदीत उभी करावीत ह्यावर पणजीत पुष्कळ वाद झाले आहेत. विधानसभेच्या येत्या अधिवेशनात एखाद्या सदस्याने जुगार आयुक्ताच्या खात्याला तीन आकडे विचारावेत: गेल्या वर्षी खेळाडूंच्या तक्रारी किती आल्या, पत्त्यांचे किती कॅट तपासले गेले, आणि त्यांपैकी किती प्रकरणांत टेबलाच्या मालकाला दंड झाला.